पोस्टरवरचा कुत्रा, टनांतला मासा

प्राण्यांसाठी काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेचं देणगीपत्रक हातात घ्या. वर बहुतेक करून कुत्रा असतो. मान जराशी कललेली, एका पायाला पांढरं बँडेज, नजर थेट आपल्याकडे. कधी मांजर असतं, कधी हत्ती, कधी वासरू. कोंबडी क्वचित दिसते. मासा जवळपास कधीच नाही.

यात फोटो निवडणाऱ्याचा दोष नाही. निधी उभा करणाऱ्या माणसाला अनुभवाने कळलेलं असतं, की आपल्याकडे बघणारा एकटा प्राणी हाताला पाकिटापर्यंत नेतो आणि त्याच चौकटीत पन्नास प्राणी कोंबले की हात अर्ध्यात थबकतो. एकाची कीव येते, पन्नासांचा आकडा होतो. आता २०१९ ची विसावी पशुगणना उघडून बघा. देशात भटके कुत्रे सुमारे १ कोटी ५३ लाख. कुक्कुटवर्ग ८५ कोटींच्या वर. मासे त्या गणनेत नाहीतच. मासा मोजला जातो टनांत. ज्याची गिनतीच वजनाने होते, त्याच्या एकेकट्या जिवाचा विचार कुणी करावा अशी अपेक्षा तरी कशी ठेवायची?

म्हणजे पैसा एकीकडे जातो आणि जीव दुसरीकडे असतात. ही तफावत गेल्या दोन दशकांत काही लोकांना इतकी खुपली, की त्यांनी करुणेचा सरळ ताळेबंदच मांडायला घेतला. २०१२ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पातून ‘अ‍ॅनिमल चॅरिटी इव्हॅल्युएटर्स’ नावाची संस्था उभी राहिली. तिचं काम म्हणजे प्राणिसंस्थांची परीक्षा घेऊन देणगीदारांना सांगणं, की तुमचा रुपया कुठे जास्त जिवांना पुरेल. या मंडळींचे ठरलेले तीन प्रश्न असतात. दुःख केवढं आहे? त्यावर आधीच किती जण काम करताहेत? आणि आपण हात घातला तर काही हलण्याची शक्यता किती? तिन्ही प्रश्न चोख आहेत. या चाळणीतून पाहिलं की कुत्र्या-मांजरांचे निवारे खाली घसरतात आणि पिंजऱ्यातली कोंबडी, तळ्यातला मासा, कोळंबी वर येतात. कुत्र्यांवर आयुष्य घालवलेल्या माणसांना हे जिव्हारी लागतं. साहजिक आहे.

पण माझ्या मते या यादीत एक प्रश्न कमी आहे. जिंकल्यानंतर तिथे परत कोण जाणार? पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, बातमी विरल्यावर? संस्थेचं खरं प्राधान्य पत्रकावर दिसत नाही. तिच्या प्रवासखर्चाच्या वह्यांत दिसतं.

कुत्र्यांपासूनच सुरुवात करू, कारण तिथे हे सर्वांत लख्ख दिसतं. कुत्रे मारून संख्या कमी होत नाही हे मुंबईने फार आधी पाहिलं होतं. १८३२ च्या जूनमध्ये कंपनी सरकारने मोकाट कुत्र्यांमागे आठ आणे बक्षीस लावलं, शिपाई घरांच्या दारातले कुत्रेही उचलू लागले, आणि पारशी समाज रस्त्यावर उतरला. शहर दोन दिवस ठप्प होतं. हिंदुस्थानातल्या प्राण्यांसाठीच्या पहिल्या मोठ्या आंदोलनांपैकी ते एक, आणि ते पत्रकाने नव्हे तर दंगलीने झालं. पुढे १९६४ मध्ये मद्रासच्या ब्लू क्रॉसने उलट बाजूने विचार मांडला: मारू नका, निर्बीजीकरण करा आणि जिथून उचलला तिथेच सोडा. महापालिकेने तो स्वीकारेपर्यंत १९९६ उजाडलं. मग २००१ मध्ये देशाचे नियम आले आणि २०२३ मध्ये ते नव्याने लिहिले गेले.

कागदावर काम सोपं आहे. पकडपथक पहाटे निघतं, कारण तेव्हा कुत्रे एका जागी पडून असतात आणि रहदारी नसते. जाळीने पकडायचं, चिमट्याने नाही. कुठे पकडला त्या जागेची नोंद तिथेच करायची. रात्रभर उपाशी ठेवून दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. कुत्रीचं गर्भाशय आणि बीजांडं काढायची, कुत्र्याचे अंडकोष. टाके विरघळणारे घालायचे, कारण ते काढायला हा रोगी परत येणार नाही. भूल उतरण्याआधी कानाला खाच पाडायची, म्हणजे पुढच्या खेपेला पकडणाऱ्याला लांबूनच कळतं. रेबीजची लस टोचायची. जखम सुकेपर्यंत काही दिवस ठेवायचं आणि मूळ जागी सोडायचं.

बिघडतं ते नेमकं इथल्या बारीकसारीक गोष्टींत. जागेची नोंद आळसाने ‘स्टेशन परिसर’ एवढीच केली, की कुत्रा चार गल्ल्या पलीकडे सोडला जातो. तिथल्या टोळीशी त्याची मारामारी होते, घराकडे पळताना तो गाडीखाली येतो, आणि रहिवासी म्हणतात, ‘बघा, ऑपरेशनवाले नवेच कुत्रे आणून टाकतात.’ एका पिंजऱ्यात तीन कोंबले की डिस्टेंपर किंवा पार्वोसारखा आजार एकाचा सगळ्यांना लागतो. आणि सर्वांत मोठी गोम कंत्राटात आहे. पैसे जर प्रत्येक कुत्र्यामागे मिळत असतील, तर पथक सोपा कुत्रा उचलतं: बिस्किट दाखवलं की शेपूट हलवत येणारा, आणि शक्यतो नर, कारण नराची शस्त्रक्रिया लवकर आटोपते. हुशार, माणसाला बुजणारी, वर्षातून दोनदा माजावर येणारी कुत्री राहते मोकळी. तीच साधारण दोन महिन्यांनी पाच-सहा पिल्लं घालते. बिलासाठी काढलेले अवयव मोजण्याची पद्धत आहे. त्याने चोरी थांबते. पण कोणता कुत्रा उचलायला हवा होता, हे बरणीतल्या अवयवांवरून कळत नाही.

यातलं गणित संस्थांनी स्वतःच्या फळ्यावर कायम लिहून ठेवावं असं आहे. उदाहरणादाखल एक शहर धरू. कुत्रे १०,०००. दरवर्षी १,००० शस्त्रक्रिया. रस्त्यावरचं आयुष्य छोटं असतं, म्हणून शस्त्रक्रिया झालेल्यांतले पाव हिस्सा दरवर्षी मरतात असं धरा. पहिल्या वर्षी हजार, मग सतराशे पन्नास, मग तेवीसशे, अशी संख्या चढते आणि हळूहळू ४,००० पाशी येऊन अडते. कारण ४,००० चा पाव हिस्सा म्हणजे १,०००. जितके नवे येतात तितकेच जातात. शहर ४० टक्क्यांवर थांबलं, आणि उद्दिष्ट असतं किमान ७० टक्क्यांचं. पन्नास वर्षं हेच काम निष्ठेने केलं तरी ते ४० चे ७० होत नाहीत. ७० टक्के नुसते टिकवायचे तर दरवर्षी १,७५० शस्त्रक्रिया लागतात, आणि तिथे पोचायला आधी त्याहून जास्त. मग पैसे तेवढेच असतील तर काय करायचं? सगळ्या शहरात पाणी शिंपडल्यासारखं काम न करता एक प्रभाग धरायचा, तो ७० च्या वर न्यायचा, तिथे टिकवायचा आणि मगच पुढचा प्रभाग घ्यायचा. आधी कुत्र्या, मग कुत्रे.

नगरसेवकाला हे पटवणं महाकठीण, कारण ‘आमच्या वॉर्डात कधी?’ याचं प्रामाणिक उत्तर ‘चार वर्षांनी’ असं असतं. बहुतेक संस्था इथेच वाकतात. सगळ्यांना थोडंथोडं देतात, सगळेच खूश होतात आणि कुत्रे वाढत राहतात.

गोव्यात मात्र हे पथ्य पाळलं गेलं, वेगळ्या कामासाठी. ‘मिशन रेबीज’ने सरकारच्या पशुसंवर्धन खात्याबरोबर तिथे लसीकरण हातात घेतलं. त्यांनी आधी एक कठोर निवड केली: आपलं काम रेबीजची लस, निर्बीजीकरण नंतर. लस टोचायला मिनिट लागतं, शस्त्रक्रियेला दिवस. त्याच पैशात कितीतरी पट कुत्रे होतात. पथकं मोठ्या जाळ्या घेऊन निघायची, कुत्रा जाळीत घ्यायचा, टोचायचं, रंगाची खूण करायची, सोडायचं. प्रत्येक टोचणी फोनवरच्या नकाशावर जागेसह नोंदली जायची. मग दुसरं पथक तोच भाग फिरून खुणेचे किती आणि बिनखुणेचे किती हे मोजायचं, आणि ७० टक्क्यांच्या खाली आलेल्या भागात पहिलं पथक पुन्हा पाठवलं जायचं. जोडीला शाळाशाळांतून वर्ग आणि संशयित कुत्र्याची खबर द्यायला फोन. वर्षाला लाखाच्या आसपास लसी, सलग काही वर्षं. २०१८ पासून पुढची तीन वर्षं गोव्यात रेबीजने एकही माणूस गेला नाही, आणि २०२१ मध्ये राज्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित जाहीर केलं. यातला कळीचा माणूस मला लस टोचणारा वाटत नाही. मागून मोजत गेलेला वाटतो.

अशा कामाची बातमी होत नाही. बातमी होते ती ऑगस्ट २०२५ सारख्या महिन्याची. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यांत टाका म्हटलं. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींनी ते बदललं: रेबीज झालेले आणि आक्रमक सोडून बाकीच्यांना निर्बीजीकरण आणि लसीनंतर मूळ जागी सोडा. त्या अकरा दिवसांत कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या कितीतरी जणांनी बाकी सगळं बाजूला ठेवलं. ठेवावंच लागलं. आग लागल्यावर कुणी अंगणाची आखणी करत बसत नाही. पण वर्षाचे किती महिने आपण आगी विझवतो आणि किती महिने प्रभाग धरून बसतो, एवढा तरी हिशेब संस्थेने ठेवावा.

आता कोंबडीकडे. अंडी देणाऱ्या पिंजऱ्यातल्या कोंबडीला युरोपातल्या जुन्या नियमाने ५५० चौरस सेंटिमीटर जागा होती. ए-फोर कागदाचं क्षेत्रफळ सुमारे ६२४ भरतं. म्हणजे कागदाहूनही कमी जागा, आणि त्यात वर्षभराहून जास्त मुक्काम. आपल्याकडे याहून दाटी सर्रास दिसते. तिला पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही, अंडं घालायला आडोसा मिळत नाही, आणि त्या आडोशाची ओढ तिच्यात इतकी घट्ट असते की ती अंड्याआधी तासभर पिंजऱ्यात नुसती येरझारा घालते.

मग कायदा का नाही? आहे की. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात, हालचालीला अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये. साठ वर्षांपूर्वी पन्नास रुपयांना वजन होतं. आज लाखभर कोंबड्यांचा मालक तो दंड सुट्या नाण्यांत भरेल. २०१७ मध्ये विधी आयोगाने २६९ वा अहवाल खास कोंबड्यांवर काढला, शिफारशी केल्या. पिंजरे आहेत तिथेच आहेत.

म्हणून जगभरच्या संस्थांनी सरकारचं दार सोडून बाजाराचं दार ठोठावलं, आणि तेही पोल्ट्रीवाल्याचं नाही. अंडं हीच ज्याची सगळी कमाई, तो मरेपर्यंत लढणार. दाबायचं त्याला, ज्याच्या एकूण खर्चात अंडं चिमूटभर आणि नाव मात्र मणभर: हॉटेलांची साखळी, बेकरी, मेयोनीज करणारी कंपनी. मोहीम निघण्याआधी महिनोन् महिने अभ्यास चालतो. ही कंपनी वर्षाला किती अंडी घेते, कुणाकडून, परदेशातल्या तिच्या शाखेने आधीच वचन दिलंय का, प्रतिस्पर्ध्याने दिलंय का. मग सभ्य पत्र. मग स्मरणपत्र. मग बैठक. दार बंदच राहिलं तर एक तारीख कळवली जाते, आणि त्या तारखेनंतर निदर्शनं, जाहिराती, समाजमाध्यमांवरचा मारा, भागधारकांच्या सभेतले प्रश्न. एका वेळी एकच कंपनी. दहा कंपन्यांना दहा-दहा टक्के त्रास दिला तर कुणीच हलत नाही, पण एकीला शंभर टक्के दिला की बाकीच्या नऊ फोन उचलतात. कुत्र्यांच्या प्रभागाचंच गणित, वेगळ्या वेषात.

वचन मिळालं की संस्थेत पेढे वाटतात. जाणता माणूस मात्र चष्मा लावून वचनाचा मजकूर वाचतो. ‘सर्व अंडी’ की फक्त कवचातली अंडी? बिस्किटांत आणि केकमध्ये जाणारं पातळ अंडं, भुकटी, यांचं काय? कोणते देश? कोणतं साल? ‘उपलब्धतेनुसार’ हा शब्द आहे का? तो असला तर वचन पाण्यावर लिहिलंय असं समजा. दरवर्षी टक्केवारी जाहीर करण्याची अट आहे का? ती नसेल तर शेवटचं साल उजाडेपर्यंत कुणालाच काही कळणार नाही. ‘ओपन विंग अलायन्स’ ही २०१६ मध्ये बांधलेली संस्थांची फळी आज मोठा वेळ यातच घालवते: कुणी काय कबूल केलं होतं आणि कुठवर आलंय याची सार्वजनिक वही. मॅकडोनल्ड्सने २०१५ मध्ये अमेरिकेसाठी दहा वर्षांची मुदत घेतली आणि २०२४ च्या सुरुवातीला मुदतीआधीच पूर्ण केली. अमेरिकेतल्या सुमारे ४० टक्के कोंबड्या २०२४ पर्यंत पिंजऱ्याबाहेर आल्या. पण सरकारी वचनं अशी मुदतीत पाळली जातातच असं नाही. युरोपात साधे पिंजरे बंद करण्याचा निर्णय १९९९ चा, अंमल २०१२ पासून; बारा वर्षांहून जास्त वेळ हातात असूनही पहिल्याच महिन्यात युरोपीय आयोगाला तेरा देशांना नोटिसा धाडाव्या लागल्या. पुढे सगळेच पिंजरे बंद करा म्हणून जवळपास चौदा लाख सह्या गोळा झाल्या. आयोगाने २०२३ अखेर प्रस्ताव आणतो म्हणून सांगितलं. साल उलटलं, प्रस्ताव आला नाही.

बिनपिंजऱ्याची शेड म्हणजे काही अंगणातलं खुराडं नव्हे, हे मोहिमेच्या पत्रकात सहसा लिहीत नाहीत. हजारो कोंबड्या एका छपराखाली असतात. ओल्या लिटरचा, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या तुसाचा, अमोनिया डोळ्यांना झोंबतो. एकमेकींची पिसं उपटणं सुरू झालं की ते साथीसारखं पसरतं. कशाने तरी दचकून सगळ्या एका कोपऱ्यात धावल्या की खालच्या गुदमरून मरतात. अंडी खोक्याऐवजी जमिनीवर पडतात, घाण होतात, मालकाचं नुकसान होतं आणि तो म्हणतो, ‘पिंजराच बरा होता.’ यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे, पण तो पिल्लूपणी करायचा असतो: तलंगांना लहानपणापासून दांडीवर चढायची सवय, अंड्यांची खोकी अंड्यावर येण्याच्या आधी उघडलेली, शेडचे अंधारे कोपरे उजळलेले. सोळा देशांतल्या सहा हजारांहून अधिक कळपांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं, की बिनपिंजऱ्याच्या शेडमधली मरतूक अनुभवाबरोबर, वर्षागणिक घटत जाते. म्हणजे पहिले काही कळप शेतकऱ्याच्या शिकण्याची किंमत मोजतात. ज्या संस्थेने कंपनीला वाकवलं, ती त्या शेडमध्ये प्रशिक्षक पाठवते की नाही, यावर त्या कोंबड्यांचं जगणं ठरतं. आणि प्रशिक्षकाला देणगी मागणारं पोस्टर अजून तरी कुणी काढलेलं पाहिलं नाही.

याच मोहिमा एका बाबतीत गप्प राहतात, तेही सांगायला हवं. लेअर जातीचं नर पिल्लू अंडीही देत नाही आणि मांसालाही परवडत नाही, म्हणून ते पहिल्याच दिवशी मारलं जातं. अंडं पिंजऱ्यातलं असो की शेडमधलं. मोहीमवाल्यांना हे माहीत नसतं असं नाही. एका बैठकीत दोन मागण्या ठेवल्या तर दोन्ही जातात, म्हणून एक झाकून ठेवतात. काहींना हा ढोंगीपणा वाटतो. मला तो या कामातला सर्वांत जड भाग वाटतो. अंड्यांचं देशभरातलं रोजचं दरपत्रक ज्या समितीच्या नावाने निघतं तिचं मुख्यालय पुण्यात आहे. अंड्यांची राजधानी म्हणून नाव तमिळनाडूतल्या नामक्कलचं असलं तरी. तेव्हा हा विषय मराठी माणसाला परका मानायचं कारण नाही.

न्यायालयातल्या विजयांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडली. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. संस्थांसाठी तो ऐतिहासिक दिवस. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने दुरुस्त्या वैध ठरवल्या. नऊ वर्षांत वर्तुळ पूर्ण. बैलाच्या शेपटीला चावा, टोकदार काठी, विजेचा झटका हे सगळं न्यायालयात सिद्ध झालं होतं. घाटावरच्या गावात मात्र तो वाद ‘खिलार वाचवायचा की नाही’ असा पोचला, आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला संस्थांचं तिथे कुणी नव्हतं.

नांदणीच्या जैन मठातल्या महादेवी हत्तिणीचंही तेच. १६ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने तिला जामनगरला, अंबानींच्या ‘वनतारा’ केंद्रात हलवायला सांगितलं, २८ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, आणि ऑगस्ट उजाडताच नांदणी ते कोल्हापूर रस्ता माणसांनी भरला. अंबानींचं म्हणून लोकांनी जिओचं सिमकार्डही बदललं! पायाच्या जखमा, सांध्यांचं दुखणं, काँक्रीटवरचं एकटेपण हे मुद्दे खरे असू शकतात आणि तरी गावाच्या डोळ्यांतलं पाणीही खरं असू शकतं. हत्तीण माणसांच्या गोतावळ्यात असते तेव्हा मोहिमेने त्या गोतावळ्यालाही धरायला हवं, एवढं तरी यातून दिसलं. जोतिबा देवस्थानच्या सुंदर हत्तीला २०१४ मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टाला नेलं, तेव्हाच हा धडा घेण्यासारखा होता.

अस्वलांच्या बाबतीत तो घेतला गेला. अस्वल नाचवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच बंद झालं होतं. तरी पिल्लाच्या नाकातून तापलेली सुई घालून दोर ओवणं पुढे पस्तीसहून अधिक वर्षं चालू राहिलं, कारण कायद्याने अस्वलाचा विचार केला आणि ते नाचवणाऱ्या कलंदर समाजाच्या पोटाचा केला नाही. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या वाइल्डलाइफ एसओएसने आधी कलंदरांच्या वस्त्यांत जाऊन विचारलं: अस्वल सोडलं तर काय कराल? मग करार. अस्वल द्यायचं, पुन्हा पाळणार नाही असं लिहून द्यायचं, आणि बदल्यात ५० हजार रुपयांचं बीजभांडवल: कुणी रिक्षा घेतली, कुणी दुकान टाकलं, बायकांनी शिवणयंत्रं घेतली, मुलं शाळेत गेली. आग्र्याच्या केंद्रात पहिली अस्वलं २००२ मध्ये आली आणि २००९ मध्ये रस्त्यावरचं शेवटचं अस्वल जमा झालं. सहाशेच्या वर अस्वलं. प्राण्यांच्या संस्थेने माणसांच्या शाळेची फी भरावी का, असा प्रश्न तेव्हा देणगीदार विचारत असणारच. त्या फीमुळेच तर नवं पिल्लू जंगलातून आलं नाही.

अशा खर्चाला आज आपल्याकडे आणखी एक अडसर आहे. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. पूर्वी मोठी संस्था तालुक्यातल्या चार पोरांच्या गटाला वर्षाचा खर्च देऊ शकायची, आता नाही. मोजणाऱ्या, फोन करणाऱ्या, परत-परत जाणाऱ्या माणसाचा पगार नेमका कोणत्या रकान्यात टाकायचा यावर हिशेबनीस डोकं खाजवतो. देशातल्या कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा (सीएसआर) निधी प्राणिकल्याणाला चालतो, पण त्यांना हवी असते रुग्णवाहिका, जिच्या दारावर नाव रंगवता येतं. रुग्णवाहिका वाईट नाही. ती आणखी प्राणी आणते, निवारा भरतो, आणि मागचे पाय गेलेला एक कुत्रा म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा हाताने मूत्राशय रिकामं करणारा माणूस, पुढची कित्येक वर्षं. निवाऱ्याने कितवा प्राणी घ्यायचा नाही, हे पहिला प्राणी घेण्याआधी लिहून ठेवावं लागतं. ते न लिहिलेले निवारे कसे दिसतात हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आणि मासा. २०१९ मध्ये सुरू झालेली फिश वेल्फेअर इनिशिएटिव्ह ही संस्था आंध्रातल्या रोहू-कटल्याच्या तळ्यांवर काम करते. तिथे मोहीम नाही, घोषणा नाही. शेतकरी राजीखुशीने येतो, तळ्यात किती मासे सोडायचे यावर मर्यादा मान्य करतो आणि पाणी तपासू देतो. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू बनवतं, रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो खातात, म्हणून सूर्य उगवण्याच्या जरा आधी तळं सर्वांत घुसमटलेलं असतं. ढगाळ दिवसानंतरची पहाट आणखी वाईट. लिटरला पाच मिलिग्रॅम प्राणवायू असेल तर ठीक. तीनच्या खाली गेलं की मासे वर येऊन तोंडं उघडी टाकू लागतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, तळं किती जिवंत आहे!

म्हणून तपासणारा अंधारात निघतो. बांधावर उकिडवा बसून मीटरची दांडी पाण्यात सोडतो, आकडा स्थिरावेपर्यंत थांबतो. दोन पूर्णांक सहा. तो मालकाला फोन लावतो: आज खाद्य टाकू नका, शेण टाकू नका, एरेटर (पाण्यात हवा मिसळणारी चक्रं) चालू करा, कालव्याचं पाणी असेल तर घ्या. चक्रं फिरू लागतात. तासाभराने उघडी तोंडं एकेक करून खाली जातात, पाणी सपाट होतं, आणि त्या तळ्यावर फोटो काढावं असं काही उरत नाही.